कणव : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

आमच्या घरात बांगडी फुटायची नाही, वाढायची. कप फुटला, पाटी फुटली, शेजारच्या बंड्याचं डोकं फुटलं, सगळं फुटलेलं चालायचं. पण "बांगडी फुटली" असं तोंडातून गेलं की आई हातातलं काम टाकून यायची आणि पाठीत एक धपाटा ठेवून द्यायची. "वाढली म्हण, भवाने!" मग म्हणायचं, वाढली. दुकानात दिवसाकाठी इतक्या वाढायच्या की घरभर काच. केरात काच, अंथरुणात काच. एकदा तर बाबांच्या वरणात हिरवा तुकडा निघाला. ते पानावरून उठले नाहीत, तो तुकडा बोटांत धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "ही परवाच्या पेटीतली." मग बाजूला ठेवून जेवायला लागले.

आम्ही कासार. नाशकात जुन्या गावात, भांडी बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. समोरच्या आळीतून दिवसभर तांबटांची ठोकठोक चालायची. पाहुणे यायचे ते कानांवर हात ठेवायचे. आम्हाला ती फक्त अमावस्येला ऐकू यायची, म्हणजे तांबट सुट्टी घ्यायचे आणि आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माल फिरोजाबादेहून लाकडी पेट्यांतून गवतात गुंडाळून यायचा. पेट्या फोडायच्या बाबांनी, गवत जायचं न्हाणीतल्या बंबाला, आणि बांगड्या दोऱ्यात ओवून माळा करायच्या मी. बाबा तब्येतीनं तोळामासा, बोलायला त्याहून कमी. दुकान त्यांच्या नावाचं होतं, पण बोळातल्या बायका यायच्या त्या आईच्या हाताकडे.

आई बांगड्या कशी भरायची हे लिहून सांगता येईल का, शंकाच आहे. समोर पाट. बाई पाटावर बसली की आई आधी बांगड्यांना हातच लावायची नाही. बाईचा हात आपल्या हातात घ्यायची आणि नुसत्या गप्पा. नळाला पाणी येतं का तुमच्याकडे, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो, मुलगी नांदायला गेली का. बोलता बोलता अंगठ्याच्या बुडाचं हाड चाचपायची, तळहाताची घडी घालून बघायची आणि मान न वळवता मागे हात घालून बरोबर मापाची माळ ओढायची. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. पट्टीनं माप घेताना मी तिला कधी पाहिलं नाही. मग एकच वाक्य. पालखीतून उतरलेली असो की धुणंभांडी करणारी असो, प्रत्येकीला तेच: "हात सैल सोडा, आणि दुखलं तर सांगा हं." आणि बाई "स्स" म्हणायच्या आत आई थांबलेली असायची. मी एकदा विचारलं, तुला आधीच कसं कळतं गं? म्हणाली, "दुखायच्या आधी हात घट्ट होतो. हात सांगतो ना. आपण ऐकायचं." भरताना वाढलेली बांगडी कासाराची, गिऱ्हाइकाची नव्हे, हा आमच्या धंद्याचा नेमच आहे, त्यामुळे त्याचं आईला काही वाटायचं नाही. पण कुणाच्या हाताला ओरखडा उठला तर त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं नाही.

आता इंदिरानगरात आमच्या बिल्डिंगच्या खालीच बांगड्यांचं दुकान आहे. आरसे, दिवे, सगळं झकास. तिथली मुलगी गिऱ्हाइकाच्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवते आणि पिशवीवरून बांगड्या सर्रकन आत ओढते. एका मिनिटात काम. हाताला हात लागतच नाही. युक्ती चांगलीच आहे, मी कशाला नाव ठेवू. असो.

तर ते थंडीचे दिवस होते. नाशिकची थंडी तेव्हा हाडात शिरायची, गंगेवर सकाळी धुकं असायचं (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि म्हणणार). संक्रांत तोंडावर आली होती. थंडीत हात आखडतात, बांगड्या जास्त वाढतात, म्हणून आई शेजारी शेगडी ठेवून आधी स्वतःचे तळवे शेकायची, मग बाईचा हात धरायची. अशा एका दुपारी एक नर्सबाई दुकानात आल्या. पांढरं पातळ, वर तपकिरी स्वेटर, हातात कापडी पिशवी. पाटावर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या की चार दुकानं फिरून आलेय, तुम्हीही नाही म्हणणार असाल तर आताच सांगा, पाय दुखताहेत.

गंगेपलीकडे, गावाबाहेर, रक्तपिती, म्हणजे महारोग, झालेल्या बायकांचा एक वॉर्ड होता. त्याचं नाव काढलं की टांगेवालासुद्धा नाही म्हणायचा. तिथल्या बायकांना संक्रांतीला बांगड्या हव्या होत्या. "दरवर्षी मीच नेते आणि मीच घालते," नर्सबाई म्हणाल्या, "पण मला काय येतंय त्यातलं? गेल्या साली दोघींचे हात कापले. त्यांना कळलंसुद्धा नाही. हातात जाणीवच नाही ना. जखम चिघळली तेव्हा मी बघितली." बाबांनी हळूच विचारलं, लागण? "नाही हो. गोळ्या घेऊन रोग थांबलाय सगळ्यांचा. बोटं तेवढी वाकडी राहिली, आणि घरचे लोक तेवढे गेले." आईनं विचारलं, प्लॅस्टिकच्या का नाही देत? नर्सबाई हसल्या. "दिल्या होत्या की. म्हणतात, वाजत नाहीत."

आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात बाबांचं 'बघू' म्हणजे नाही आणि आईचं 'बघू' म्हणजे झालंच. बाबांनी रात्रभर कूस बदलली असावी, कारण सकाळी डोळे लाल होते, पण बोलले एवढंच, "हातावर पोट आहे आपलं. लोकांचे हात हातात घ्यायचे असतात तुला." आई भोगीची भाजी ढवळत होती. वाटाणे, पावटे, गाजर, ओले हरभरे, तिळाचं कूट, सगळ्या घरात त्याचा घमघमाट. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत म्हणाली, "म्हणूनच तर मला बोलावलं ना. नुसतं पोटाचं काम असतं तर त्यांनी वाण्याला नसतं का बोलावलं?" मी हट्ट धरून बरोबर गेले. खरं सांगायचं तर कुतूहल होतं, दुसरं काही नाही. भीती वाटत होती ती मैत्रिणींना सांगायला मजा येईल अशी भीती.

वॉर्ड म्हणजे एक लांबलचक पडवी निघाली. सारवलेली, स्वच्छ, उन्हानं भरलेली. आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आठही जणींचे हात पदराखाली. सगळ्यांत पुढे भागाबाई. नांदगावकडची, पन्नाशीची, तोंडानं फटाकडी. "या बाई, बसा! खरीच कासारीन हाय का? आमच्याकडं कावळ्याबिगर कोन येत नाय." आई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि नेहमीसारखा हात पुढे केला. भागाबाईनं पदराखालून हात काढला. बोटं तळहाताकडे वळलेली, दोन तर पेराएवढीच उरलेली. मी दुसरीकडे बघितलं. आईनं तो हात घेतला. तोंडानं गप्पा सुरू केल्या, नांदगावला पाऊस कसा, माहेर कुठलं, पण मला तिचा चेहरा माहीत होता; तो भाकरीच्या पिठासारखा पांढरा झाला होता. चाचपून तिनं माळ ओढली, पहिली बांगडी बोटांशी आणली, आणि सवयीनं म्हणाली, "हात सैल सोडा, आणि दुखलं तर..."

तिथं ती थांबली.

"बोला की," भागाबाई हसली. "समद्यांना म्हनता तसं म्हना. पन मला दुखत नाय बाई. निखारा ठिवला तरी नाय. चुलीपुढं वास आला म्हंजी कळायचं, हात जळाला." बाकीच्या बायकाही हसल्या. आई हसली नाही. बांगडी तशीच धरून बसून राहिली. तिच्या आख्ख्या जन्मात तिनं असा हात भरला नव्हता. तिचं सगळं कसब समोरच्या हातानं सांगण्यावर चालायचं, आणि हा हात काही सांगतच नव्हता. जोर जास्त झाला तर काच आत जाणार, रक्त येणार, भागाबाई हसतच राहणार. मला वाटलं आता ही उठते. उठावं असंही वाटलं.

आईनं डोळे मिटले. दोन्ही हातांनी तो हात धरला, अंगठ्याचं हाड आत दाबलं, बांगडी थोडी सरकवली, आणखी थोडी, आणि एकदम तिच्याच तोंडून निघालं, "स्स... आई गं!" मी धावले. "तुला लागलं?"

"मला नाही," आई म्हणाली. "यांना."

भागाबाईनं आपल्या हाताकडे बघितलं, मग आईकडे. "मला लागलं व्हय?"

"हो. इथं, या हाडापाशी. जरा थांबू या. कळ जाऊ दे."

भागाबाईचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अगं बया," ती शेजारणीला म्हणाली, "ऐकलं का गं? मला दुखलं. बारा वर्सांनी मला दुखलं!" त्यानंतर त्या पडवीत कुणी हसलं नाही. आई एकेक हात घेत गेली. दर बांगडीला कुठंतरी तिच्या तोंडून बारीकसं "स्स" निघायचं, ती थांबायची, त्या जागी अंगठा फिरवायची, मग पुढे. ते तिला कसं कळत होतं, मला आजही सांगता येत नाही. मी त्या घरची मुलगी, कासाराच्या पोटी जन्मलेली, चार हजार हात भरताना पाहिलेली, आणि मी त्या पडवीच्या खांबाला टेकून आपल्याच आईकडे देवळात बघावं तशी बघत होते. आठ बायका, संध्याकाळ झाली, एकही बांगडी वाढली नाही. निघताना सगळ्यांनी हात हलवून वाजवून दाखवल्या. आई म्हणाली, "होळीच्या आधी येते." आणि टांगा मिळेपर्यंत चालताना मला म्हणाली, "हे कुणाला बोलायचं नाही हं, सुमे. लोक घाबरतात. घाबरलेल्या माणसाला समजवायला वेळ लागतो, आणि लग्नसराई आलीय."

मी कबूल केलं. मनापासून केलं. पण ते माझ्या पोटात मावेना, त्याला मी काय करू?

शाळेत आम्हाला मराठी शिकवायला दातार बाई होत्या. सडसडीत, कडक, मनगटावर पुरुषी घड्याळ, दुसरं काही नाही. लग्नानंतर वर्षभरातच त्यांचे यजमान गेले होते म्हणे. त्यांनी शब्द दिले: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्यात होता 'कणव'. अर्थ सोपा होता, दया, करुणा. वर्गातल्या चाळीस मुलींपैकी तीस जणींनी लिहिलं, राजाला भिकाऱ्याची कणव आली. बाई भडकल्या. "राजा राहतो का तुमच्या घरात? येऊन-जाऊन राजा आणि भिकारी! शब्द वापरायला दिलाय, फोडणीला नाही. घरातलं वाक्य आणा." मी लिहिलं, आणि लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता: माझ्या आईला रक्तपिती झालेल्या बायकांची कणव आली, म्हणून तिने त्यांच्या हातांत बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. "याला म्हणतात उपयोग," म्हणाल्या. माझी मान अशी ताठ झाली की काय सांगू. माझ्या बाकावर शेजारी बसायची शैला मोरे. मोऱ्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न फाल्गुनात होतं आणि त्यांच्या घरच्या सगळ्या बायकांचे चुडे आई भरणार होती.

चार दिवसांत पाट रिकामा. आधी आम्हाला वाटलं, थंडी वाढलीय. मग शेजारची, रोज पाण्याला जाताना बोलणारी, बोळाच्या पलीकडच्या कडेनं जायला लागली. एका सकाळी मोरे काकूंची कामवाली आली, दुकानाच्या पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "काकूंनी सांगितलंय, चुड्याचं आम्ही दुसरीकडे बघितलं." मोऱ्यांनी नाही म्हटलं म्हणजे त्यांचे सोयरे, त्यांचे भाडेकरू, सगळ्यांनीच नाही म्हटलं. लग्नसराई म्हणजे आमचं वर्षाचं धान्य. बाबा पेट्या न फोडताच एकावर एक रचत होते. आई सकाळी दुकान झाडून पाट मांडायची, शेगडी पेटवायची, तळवे शेकत बसायची, आणि बोळातून पायांचे आवाज नुसते पुढे जायचे. तांबटांची ठोकठोक मला तेव्हा पहिल्यांदा नकोशी झाली.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्यापुढे वही नेऊन ठेवली. मार खायच्या तयारीनं. आई चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचायची. वाचलं. परत वाचलं. बाबा म्हणाले, "झालं ते झालं. आता जाणं बंद. मी सांगतो लोकांना, पोरीनं मार्कांसाठी रचलं. पोरींना काय, काहीही सुचतं." मी रडत रडत म्हटलं, हो, मी शाळेत उभी राहून सांगते, मी खोटं लिहिलं. मला ते अगदी खरोखर करायचं होतं. आई वहीकडेच बघत होती.

"खोटं तर आहेच हे," ती म्हणाली. "मला कणव आली होय गं? मला तर घाम फुटला होता. हात हातात आला तेव्हा पळून जावंसं वाटलं. तुला खांबाशी बघितलं म्हणून लाजेनं बसले." मग वही मिटून माझ्या हातात दिली. "पण गेले होते, हे खरं आहे. ते खोटं म्हणून सांगायचं नाही कुणी. आणि होळीच्या आधी येते म्हटलंय मी."

बाबा त्यावर उठून मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते टांगा बघायला. टांगेवाला पुलापर्यंत यायला तयार झाला, पुढे पायी.

यावेळी पडवीत कुणी "या" म्हणालं नाही. सगळ्यांचे हात पदराखाली, आणि नजरा जमिनीकडे. आई भागाबाईसमोर बसली, हात पुढे केला. भागाबाईनं काढला नाही. "नगं बाई. सिस्टर बाजारात जात्यात, त्यांना कळलंय. तुमच्या दुकानात कुत्रं येईना झालंय. आमच्या हातापायी तुमच्या लेकराच्या तोंडचा घास जायला नगं. आमाला बांगड्या नगं." मागून दुसरी म्हणाली, "वाजून वाजून वाजतात तरी किती." तिसरीनं तर पदराखालीच हातातल्या संक्रांतीच्या बांगड्या काढायला घेतल्या होत्या, काच घासल्याचा आवाज येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका वाक्यानं ही मंडळी हात झाकून बसली होती. ज्यांना सगळ्यांनी टाकलं त्या बायका आमच्या पोटाची काळजी करत होत्या, आणि मी दहापैकी दहा मार्क मिळवले होते.

आईनं आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या, सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून एक ठेवली, आणि तो हात भागाबाईपुढे धरला. बांगड्यांची माळ तिच्या मांडीवर ठेवली.

"मग मला भरा," म्हणाली. "माझ्या दोन वाढल्यात, कधीपासून भरायच्यात."

"मी? ह्या हातांनी?" भागाबाई मागे सरकली. "बाई, मला किती दाबलं ते कळत नाय. काच घुसंल तुमाला."

"मला कळतं की. मी सांगीन."

भागाबाईनं चोहीकडे बघितलं, जसं काही कुणी तिला थांबवेल. कुणी थांबवलं नाही. तिनं पदराखालून हात काढले. वाकड्या बोटांच्या बेचक्यात बांगडी अडकवली, ती पडली, परत अडकवली. आईचा हात तळव्याच्या टाचेनं धरला. आणि मग, अगदी गंभीरपणे, आईच्याच सुरात म्हणाली, "हात सैल सोडा. दुखलं तर सांगा हां."

"हो," आई म्हणाली.

मी आयुष्यात लग्नं पाहिली, सिंहस्थ पाहिला, दोन बाळंतपणं सोसली, पण त्या तासाभरासारखं काही पाहिलं नाही. भागाबाई दाबायची, आईच्या तोंडाकडे बघायची. "दुखतंय का?" "अजून नाही." "आता?" "हो. थांबा." भागाबाई थांबायची, श्वास रोखून. "गेली का कळ?" "गेली. दाबा." दुखलं नसताना आई दुखलं म्हणाली नाही आणि दुखलं असताना लपवलं नाही. सहा बांगड्या, तीन हिरव्या, तीन लाल, भागाबाईनं आपल्या आवडीनं निवडलेल्या. शेवटची चढली तेव्हा भागाबाईच्या कपाळावरून घाम टपकत होता. तिनं आईचा हात हलवून वाजवून बघितला. "एक बी नाय वाढली," म्हणाली. आणि मग आपला उजवा हात आईपुढे केला. मागच्या सातजणींचेही हात एकेक करत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आई त्या हिरव्या-लाल खिचडी बांगड्या घालून दुकानात पुढे बसली. कासारणीच्या हातात असा बेमेळ कुणी बघितला नव्हता. एक परगावची बाई पाटावर बसली, हसून म्हणाली, "हे काय काकू, हे कुणी भरलं तुम्हाला?" आईनं सरळ सांगितलं, "नांदगावच्या भागाबाईंनी. गंगेपलीकडच्या वॉर्डातल्या." बाईचा हात आईच्या हातात आखडला. आईनं तो लगेच सोडला. "घाबरलेला हात मी भरत नाही, ताई. वाढते बांगडी. मन झालं तर या परत." बाई गेली. बाबा आतून ऐकत होते. मी म्हटलं, आता संपलंच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दातार बाई बोळात शिरल्या. भर दुपार, दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका गहू निवडत बसलेल्या. बाई आल्या, चपला काढल्या, पाटावर बसल्या आणि घड्याळ सोडून माझ्याकडे दिलं. ओट्यांवरचं बोलणं बंद पडलं. बाई म्हणाल्या, "वाचून मी दाखवलं. मुलीचा दोष नाही. भरा." आईनं त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. शेगडीवर तळवे शेकले, हात हातात घेतला. "शाळा लांब पडते का हो तुम्हाला? चालतच जाता?" बांगडी हाडापाशी आली आणि आई थांबली. बाईंच्या तोंडून आवाज आला नव्हता. आई अंगठा फिरवत बसली. पुष्कळ वेळ. बाईंनी पदर तोंडाला लावला तरी आई फिरवतच होती. मग पुढे सरकवली. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई," एवढंच.

दातार बाई सोमवारी शाळेत आल्या त्या वाजत आल्या. फळ्यावर लिहिताना हातातल्या चार बांगड्या किणकिणायच्या आणि चाळीस मुली गप्प ऐकायच्या. पुढच्या आठवड्यात ओट्यावरची एक आली. मग दुसरी. मोरे काकू कधीच आल्या नाहीत; त्यांच्या मुलीचा चुडा दुसऱ्यानं भरला, छान भरला म्हणे. त्या लग्नसराईत आम्ही रात्री बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, पण दुकान उघडं राहिलं. आई वर्षातून दोनदा गंगेपलीकडे जात राहिली, भागाबाई गेली त्यानंतरही. आणि मी ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. बाईंनी सांगितलं नव्हतं, माझं मीच. पान भरून खोडलं. अर्थ येत होता, वाक्य येत नव्हतं. शेवटी नाद सोडला.

हे सगळं आताच का आठवलं, ते सांगते. मधुमेहानं माझी बोटं गेली काही वर्षं बधिर झालीत. चहाचा कप ओठांना लागला की कळतं गरम आहे. गेल्या संक्रांतीला नात म्हणाली, आजी, चल, खालच्या दुकानात बांगड्या घेऊ. ओवी तिचं नाव, बारा वर्षांची, मोबाइलमधून डोकं वर न काढणारी. मी स्टुलावर बसले. दुकानातल्या मुलीनं माझ्या हातावर पिशवी चढवली आणि सर्रकन ओढायला लागली. मी तिला सांगत होते की आमचंही दुकान होतं हो, भांडी बाजाराजवळ. एवढ्यात शेजारून आवाज आला, "स्स... आई गं!"

मी दचकून वळले. ओवीचा चेहरा वेडावाकडा झाला होता, डोळे गच्च मिटलेले, आणि तिनं स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलं होतं. "काय झालं गं? तुला लागलं?"

"मला नाही आजी," ती म्हणाली. "तुला."

खाली बघितलं तर पिशवीवर बांगडी वाढलेली, काच पिशवी फाडून आत गेलेली, आणि माझ्या मनगटावरून रक्ताची बारीक धार. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. दुकानातली मुलगी घाबरून कापूस शोधायला लागली. ओवीनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि जखमेच्या कडेकडेनं अंगठा फिरवायला लागली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं; तिनं माझ्या आईला पाहिलेलंही नाही.

"जरा थांब," ओवी म्हणाली. "कळ जाऊ दे."

मी थांबले. पन्नास वर्षं अडलेलं माझं 'कणव'चं वाक्य माझ्या शेजारी बसलं होतं. फक्त तपासायला दातार बाई नव्हत्या.